केबलवाल्याचा फायबर, तीन पावसाळे वापरून झाल्यावर

परवा रात्री परत राऊटरवर लाल लाईट लागली तेव्हा मोबाईलच्या दोन काड्यांवर हे लिहायला घेतलं होतं, आज नेट आलंय तर पुरं करून टाकते. आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला, वाडीत वीस-बावीस घरं, आणि गेले तीन पावसाळे मी आमच्या लोकल केबलवाल्याचा फायबर वापरतेय. नाव लिहीत नाही. एक तर तो उद्या बाजारात समोर उभा राहणार, आणि दुसरं म्हणजे नाव कळून तुम्हाला काही उपयोग नाही, तो आमच्या चार वाड्यांपलीकडे जातच नाही. पण तुमच्याकडे पण असाच एखादा असणार, पूर्वी डिशचं कनेक्शन द्यायचा आणि आता नेट देतो, त्यामुळे वाचा.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करते, टेस्टिंगचं. २०२० च्या मार्चमध्ये पंधरा दिवसांचे कपडे घेऊन आले ती इथेच राहिले. तेव्हा नेट म्हणजे मोबाईल हॉटस्पॉट, तो पण विहिरीजवळच्या कट्ट्यावर बसलं तरच. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि नेट वगैरे सोडाच, कितीतरी दिवस लाईटच नव्हती, शेजारचे काका गाडीच्या बॅटरीवर सगळ्या वाडीचे मोबाईल चार्ज करून देत होते. तेव्हापासून माझा नेटकडे बघायचा हिशोब बदलला. स्पीड किती हे मी आता शेवटी विचारते. बंद पडल्यावर काय होतं आणि कोण येतं, हे आधी.

प्लान १०० एमबीपीएसचा आहे, ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०७ रुपये पडतात. ओटीटी वगैरे काही नाही. कनेक्शन घेताना राऊटरचे १५०० घेतले, डिपॉझिट आहे म्हणाला, पावती आजतागायत मिळालेली नाही आणि आता मागायची पण लाज वाटते. पहिल्या दिवशी बाबांनी सिनेमा डाउनलोडला लावला आणि मला हाक मारली, अगं शंभर म्हणाला होता ना तो, इथे बारा का दाखवतंय, फसवलं बघ. तर तसं नसतं. विकताना मेगाबिट सांगतात आणि डाउनलोड होताना मेगाबाईट दिसतात, आठ बिटांचा एक बाईट, शंभर भागिले आठ साडेबारा. म्हणजे बारा दिसतंय तर पूर्ण मिळतंय. बाबांना पटलं नाही, त्यांचं म्हणणं दूध लिटरने सांगून मापट्याने घालणारा पण असाच असतो.

आता घर. आमचं घर जुनं, चिऱ्याच्या जाडजूड भिंतींचं, उन्हाळ्यात गार राहतं पण वायफायचा पार जीव घेतं. केबलवाल्याने राऊटर ओटीवर बसवला कारण वायर तिथून आत घेणं सोपं, आणि माझं टेबल माजघराच्या मागच्या खोलीत. फोनमध्ये ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नव्हतं आणि २.४ वालं दिसून चालत नव्हतं. यात फायबरचा काही दोष नाही, ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं पण भिंतीतून जायला कच्चं, २.४ लांब जातं पण हळू, आणि चिऱ्यापुढे दोन्ही हात टेकतात. लोक इथेच चुकतात, शंभरचा प्लान पुरत नाही म्हणून दोनशेचा घेतात आणि मागच्या खोलीत जैसे थे. मी काय केलं, ओटीवरून पोटमाळ्यातून साधी लॅन केबल मागच्या खोलीत आणली, पंचवीस मीटर, आणि तिथे एक दुसरा स्वस्तातला राऊटर लावला. सगळा प्रश्न मिटला. हे खरं तर केबलवाल्याने पहिल्याच दिवशी सुचवायला हवं होतं, पण त्याचं काम राऊटरवर हिरवी लाईट लागली की संपतं.

याच्याबरोबर एक फायदा झाला जो मी गृहीतच धरला नव्हता. घरात मोबाईलला रेंज नाही, बँकेचा कुणी फोन केला की आई पदर सावरत अंगणात पळायची. आता वायफाय कॉलिंग चालू केलंय, फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण असतं फक्त, नेहमीच्याच नंबरवर कॉल वायफायवरून येतात. नुसत्या यासाठी पण मी महिन्याचे पैसे द्यायला तयार आहे. आईला त्या १०० एमबीपीएसचं काही नाही, तिला चुलीजवळ बसून मावशीशी बोलता येतंय एवढंच कळतं.

पावसाळ्याचं सांगते, कारण खरी परीक्षा तिथेच. फायबरची वायर आमच्याकडे जमिनीखालून वगैरे येत नाही, खांबावरून आंब्यावर, आंब्यावरून माडावर, तिथून फणसाला एक वेटोळं आणि मग आमच्या पागोळीखाली. फांदी पडली की तुटते. वानरांची टोळी आली की त्यावरून झोके घेते. आणि नुसती तुटते असं पण नाही, कधी कधी नुसती वाकते, आत काचेचा तंतू असतो केसासारखा, तो जास्त वाकला की प्रकाश बाहेर सांडतो आणि आपल्यापर्यंत कमी पोचतो. केबलवाला येतो, खिशातून छोटं पॉवर मीटर काढतो, हिरव्या टोकाची वायर त्यात घालतो आणि म्हणतो, ताई पॉवर कमी येतेय. पहिल्या वर्षी मला वाटायचं लाईटचं बोलतोय. ती प्रकाशाची पॉवर. आमच्याकडे उणे १९, २० असते तेव्हा सगळं छान, उणे २७ च्या पुढे गेली की नेट येतं जातं, येतं जातं आणि मग लाल लाईट. आता मी पण राऊटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन ते बघते आणि फोनवरच त्याला आकडा सांगते, त्यामुळे तो निमूटपणे तंतू जोडायचं स्प्लाइसिंग मशीन घेऊनच येतो. नाहीतर आधी एकदा बघायला यायचा आणि मग जॉइंट मारायला दुसऱ्या दिवशी.

वीज कोसळण्याच्या बाबतीत मात्र फायबर म्हणजे सोनं. याच केबलवाल्याचं आधी लॅनवालं नेट होतं पलीकडच्या वाडीत, खांबावर पत्र्याच्या पेटीत स्विच, म्हणजे घराघरात नेट वाटणारा डबा, त्याला लाईट लागायची, आणि परतीच्या पावसात गडगडाट झाला की चार स्विच आणि दोन घरचे टीव्ही गेलेच म्हणून समजा. काचेतून वीज वाहत नाही. मध्ये जो स्प्लिटर असतो, एका धाग्याचे आठ किंवा सोळा करणारा, त्याला लाईट लागत नाही. म्हणजे वाडीत लाईट नसली तरी केबलवाल्याच्या ऑफिसात बॅटरी चालू असेल आणि तुमच्या राऊटरला चार्ज मिळत असेल तर नेट चालू. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, इन्व्हर्टरचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून १४०० रुपयांचा छोटा राऊटरचा यूपीएस घेतला, १२ व्होल्टचा, डब्याएवढा, तो चार तास ओढतो. लाईट गेल्यावर सगळी वाडी काळोखात आणि मी मीटिंगमध्ये, लॅपटॉपच्या उजेडात तोंड भुतासारखं दिसतं एवढंच. ज्याला ज्याला फायबर आहे त्याने आधी हे घ्या, प्लान नंतर वाढवा.

अडचण ही की केबलवाल्याच्या ऑफिसातली बॅटरी पण सहा-सात तासांचीच आहे. मोठी लाईट गेली की तो जनरेटर लावतो, पण डिझेल आणायला कोण जाणार यावरून दोन पोरांची भांडणं होतात हे मी स्वतः ऐकलंय.

गणपती. कोकणातल्या कुठल्याही नेटचा रिव्ह्यू गणपतीशिवाय अर्धा. अकरा महिने वाडीत निम्मी घरं बंद, आणि त्या आठवड्यात प्रत्येक घरात बारा-पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, आरतीचा व्हिडिओ कॉल मस्कतला, पोरं गेम खेळतायत. मोबाईल टॉवर तर गुदमरतोच, रेंज फुल आणि मेसेज जात नाही. फायबरला पहिल्या वर्षी संध्याकाळी माझे शंभरचे अठरा व्हायचे. यात गंमत अशी आहे की गावातला धागा कमी पडत नाही, केबलवाल्याच्या मशीनच्या एका पोर्टला अडीच गिगाबिटच्या आसपास मिळतात आणि ते तीस-चाळीस घरांत वाटले जातात. कमी पडते ती मागची लाईन, म्हणजे तो स्वतः ज्या मोठ्या कंपनीकडून ठोक नेट घेतो ती. ती किती घ्यायची हे त्याच्या खिशावर. मी त्याला विचारलं तर आधी म्हणाला सगळीकडेच स्लो आहे, नेहमीचं उत्तर. दुसऱ्या वर्षी मी, शाळेतले एक सर आणि होमस्टेवाल्या काकू असे तिघं जाऊन बसलो, तेव्हा कबूल झाला की मागून कमी घेतलंय. यंदा वाढवून घेतली होती, साठ-सत्तर मिळत होते, तक्रार नाही. तसं कागदावर बघाल तर २०२३ पासून आपल्याकडे २ एमबीपीएस मिळालं की त्याला ब्रॉडबँड म्हणतात, त्याआधी ५१२ केबीपीएसला पण म्हणायचे, म्हणजे त्याचे ते अठरा पण एकदम राजेशाहीच.

माझ्या भावाचं वेगळंच दुखणं. तो विरारला असतो, आंब्याच्या बागेत कॅमेरे लावलेत, जुना डीव्हीआर आहे, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, तो मुंबईतून बघायला पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडावा लागतो म्हणे. दोन दिवस माझं डोकं खाल्लं, काही होईना. कारण असं की इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात चारशे कोटींच्या आसपासच आहेत आणि ते कधीच संपलेत, त्यामुळे केबलवाला एकाच पत्त्यामागे शंभर घरं कोंबतो. बाहेर जायला काही अडत नाही पण बाहेरून आत यायला दारच नाही, चाळीचा पत्ता आहे पण खोली नंबर नाही असं. स्वतंत्र पत्ता हवा तर वर्षाचे वेगळे पैसे मागतो. शेवटी क्लाउडवरचा कॅमेरा लावला, तो स्वतःच बाहेर कंपनीच्या सर्व्हरला चित्र पाठवतो. तुम्हाला कॅमेरे किंवा ऑफिसचं काही खास असेल तर हे आधीच विचारा, केबलवाल्याला प्रश्न कळला नाही तर त्याचा अर्थ स्वतंत्र पत्ता नाही.

मग ५जी वालं घरगुती नेट का नाही घेतलं असं बरेच जण विचारतात. गच्चीवर डबा लावतात ते. २०२३ मध्ये मुंबई-पुण्यात सुरू झालं आणि आता दापोली शहरात माझ्या मैत्रिणीकडे पण आहे, कुठल्या कंपनीचं ते जाऊ दे. डाउनलोड मस्त, वायरची कटकट नाही, वानरांचा प्रश्न नाही. पण अपलोड डाउनलोडच्या मानाने बरंच कमी, कारण ५जी मध्ये येणं आणि जाणं एकाच पट्ट्यावर आळीपाळीने चालतं आणि जास्त वेळ येण्याला ठेवलेला असतो. रील बघणाऱ्याला कळणार पण नाही, मला फाईली चढवायच्या असतात. आणि टॉवरची लाईट गेली की आपण काही करू शकत नाही, तिथे १४०० चा डबा चालत नाही. आमच्या वाडीत तसंही ५जी पोचत नाही, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

आता शिव्या. रिचार्ज तीस दिवसांनी रात्री बाराला कापतो, एक मेसेज नाही काही नाही, सकाळी नऊची मीटिंग आणि लाल लाईट पण नाही, सगळ्या लाईटी हिरव्या आणि नेट नाही, वीस मिनिटं राऊटर चालू-बंद करत बसते आणि मग आठवतं अरे आज तारीख. हे तीनदा झालंय. कस्टमर केअर नंबर आहे, तो त्याची बायको उचलते, ती बिचारी म्हणते ते समुद्रावर गेलेत. खरंच गेलेला असतो, त्याच्या भावाची होडी आहे. रविवारी फोन उचलत नाही. शिमग्याला पालखी नाचवायला तोच पुढे असतो त्यामुळे ते पाच दिवस तुमची वायर तुटू नये अशी ग्रामदेवतेलाच प्रार्थना करा.

पण एक सांगते. मागच्या जुलैत चार दिवस नुसता कोसळत होता, ओढ्याला पाणी, फणसाची फांदी वायरसकट खाली. मी सात वाजता फोन केला, तो साडेआठला डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून शिडी घेऊन हजर, भिजत जॉइंट मारला, आमच्या पडवीत चहा प्यायला आणि मला म्हणाला, ताई त्या फणसाची वरची फांदी काढून टाका, पुढच्या पावसात परत पडणार. त्याआधी पुण्यात मोठ्या कंपनीचं कनेक्शन होतं, तिथे तक्रारीचा नंबर मिळायचा, ॲपवर गोल फिरायचं आणि माणूस तिसऱ्या दिवशी यायचा, तो पण दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये.

मार्क द्यायचे तर नेटला पाचपैकी साडेतीन, रिचार्जच्या पद्धतीला एक, पावसातल्या सर्व्हिसला साडेचार. पावती मिळाली तर अर्धा वाढवेन.

परवाच्या लाल लाईटचं म्हणाल तर ती तीच फांदी. आम्ही काढली नव्हती.