दाबाचे मोजे हवे असतील तर बेळगावच्या खडेबाजारातलं हे सर्जिकल दुकान

आमच्या सासूबाईंची नखं पिवळी, जाड, वाढ जवळजवळ थांबलेली. शिवाय दोन्ही पाय सुजलेले आणि फुप्फुसाभोवती पाणी. एका ठिकाणी बुरशी समजून नुसतं मलम चोळायला लावलं! शेवटी छातीच्या डॉक्टरांनी तिन्ही लक्षणं एकत्र धरून ‘यलो नेल सिंड्रोम’ सांगितलं. सॅमन आणि व्हाइट या डॉक्टरांनी १९६४ साली वर्णन केलेला हा दुर्मीळ आजार. लसिकेचा, म्हणजे शरीरातल्या ‘लिम्फ’ नावाच्या द्रवाचा, निचरा नीट होत नाही, असं मानतात. पाणी काढलं, पायांच्या सुजेसाठी दाबाचे, म्हणजे पाय घट्ट धरून ठेवणारे, मोजे लिहून दिले.

खानापुराहून त्यासाठी इथे आलो. मालकांनी चिठ्ठी वाचली, आधी खुर्ची दिली. घोटा, पोटरी, गुडघ्याखालचं अंतर टेपनं मोजलं आणि महागडी जोडी स्वतःच बाजूला ठेवली. ‘‘आजी, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घाला, सूज चढली की चढत नाहीत बघा.’’ टाच आधी, मग हळूहळू वर, हे सूनबाईला म्हणजे मलाही करायला लावलं.

जिना मात्र अरुंद आहे, सुजल्या पायांच्या माणसांसाठी दुकान वरच्या मजल्यावर का, देव जाणे. रंग एकच, कातडीचा. पाकीट फोडलं की बदलून देत नाहीत, तेव्हा माप तिथेच घालून बघा.