स्टुडिओ ड्रायव्हरवर काढलेली एक लग्नसराई

माझं काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचं. मशीनमध्ये एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १२ जीबीवालं. दिवसभर दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडं असतं, आणि संध्याकाळी भाचा येऊन त्याच मशीनवर गेम खेळतो. गेल्या तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मी कार्डाचा गेम रेडी ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर) काढून स्टुडिओ ड्रायव्हर टाकला आणि घरात जाहीर केलं की डिलिव्हरी बाकी असेपर्यंत ड्रायव्हरला कोणी हात लावायचा नाही. अख्खा सीझन त्यावर निघाला.

स्टुडिओ म्हणजे काही जास्त ताकदीचा ड्रायव्हर नव्हे. एनव्हिडियाने २०१९ मध्ये ही वेगळी शाखा सुरू केली. कार्ड तेच, आतला मसालाही जवळपास तोच. गेम रेडी मोठा गेम बाजारात यायच्या तोंडावर निघतो. स्टुडिओ त्यापेक्षा कमी वेळा येतो आणि रिझॉल्व्ह, प्रीमिअर, ब्लेंडर असल्या सॉफ्टवेअरवर तपासून येतो. रेंडरच्या वेळात मला फरक दिसला नाही, तशी अपेक्षाही नव्हती. गेम व्यवस्थित चालतात. फक्त नवा गेम आला की भाच्याची भुणभुण सुरू होते, ‘मामा, अपडेट आलंय, मारू का?’ गेम चालतोय ना, मग नाही मारायचं.

अपडेट आलंय हे माझ्या लेखी कारणच नाही. कारण लागतं ते वेगळं. रिझॉल्व्हची मोठी आवृत्ती आली की ती ठरावीक क्रमांकाच्या पुढचा ड्रायव्हर मागते. तेव्हा बदलावाच लागतो, पण इथे खरी जोखीम ड्रायव्हरची नसून प्रोजेक्टची असते. नव्या आवृत्तीत डेटाबेस अपग्रेड केला की ते प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाहीत. म्हणून आधी डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, मग ड्रायव्हर, मग रिझॉल्व्ह, आणि मग एखादं जुनं, पैसे मिळून गेलेलं लग्न उघडून टाइमलाइन पुढेमागे फिरवून बघणं, एक एक्स्पोर्ट मारणं. हा सगळा कार्यक्रम मी आषाढी एकादशीनंतर ठेवतो. (काही पंचांगांत हल्ली चातुर्मासातलेही मुहूर्त छापतात, ती निराळी डोकेदुखी.)

सुरक्षेचं अपडेट मात्र सीझनमध्येही टाकतो. एनव्हिडिया सुरक्षा पत्रक काढते, त्यात कोणत्या क्रमांकापासून भोक बुजवलंय ते दिलेलं असतं. तिसरं कारण म्हणजे आपल्यालाच त्रास देणारी गोष्ट रिलीज नोट्समधल्या दुरुस्त्यांच्या यादीत सापडली तर. लोक तेवढीच यादी वाचतात. तिच्या खाली न सुटलेल्या अडचणींची यादी असते, माझ्या मते आधी ती वाचावी. तिथे आपल्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं की पान बंद करावं.

काही गोष्टी ड्रायव्हरने होतच नाहीत. कॅमेऱ्यातलं दहा बिटचं ४:२:२ एच.२६५ फुटेज (रंगांची जास्त माहिती दाबून साठवणारा प्रकार) ३०६० वर अडखळतं, कारण ते डीकोड करणारा, म्हणजे उलगडणारा, भागच त्या चिपमध्ये नाही. एनव्हिडियाकडे तो आरटीएक्स ५० मालिकेपासून आला. कितीही अपडेट मारा, प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, बनवाव्याच लागतात. नाहीतर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्स ते फुटेज उघडतात, त्यांना कामाला लावावं.

नवा ड्रायव्हर निघाल्या दिवशी मी कधीच टाकत नाही. मार्च २०१० मध्ये १९६.७५ हा ड्रायव्हर पंख्याच्या वेगाच्या गडबडीमुळे एनव्हिडियाला मागे घ्यावा लागला होता, कार्डं तापत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडी या दुसऱ्या कार्ड कंपनीच्या ड्रायव्हरमधलं अँटी-लॅग प्लस (गेममधला प्रतिसाद जलद करणारी सोय) चालू ठेवून काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांवर फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेने बंदी घातली. एएमडीने तो ड्रायव्हर काढून घेतला. २०२५ च्या सुरुवातीला ५० मालिकेसोबत ५७२ चे ड्रायव्हर आले आणि पडदा काळा पडण्याच्या तक्रारी सुरू झाल्या, मग दुरुस्तीमागून दुरुस्ती. तेव्हा बरेच जण डिसेंबर २०२४ च्या ५६६.३६ वर परत गेले. दोन-तीन आठवडे थांबलं की असलं सगळं दुसऱ्यांच्या मशीनवर उघडं पडतं.

आपल्याकडे कोणता आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ३२.०.१५.६६३६ असं काहीतरी लांबलचक दिसतं. शेवटचे पाच आकडे घ्या, ५६६३६, आणि तीनानंतर टिंब द्या: ५६६.३६. एवढंच.

चालत असलेल्या ड्रायव्हरची इन्स्टॉल फाइल मी डिस्कवर ठेवूनच पुढे जातो. टाकताना कस्टम निवडून क्लीन इन्स्टॉलवर (जुन्या सेटिंग पुसून नव्याने टाकणं) खूण करतो, एरवी तेवढं पुरतं. डीडीयू हे टूल सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळापासून उपटतं, पण ते मी एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं बसवायचं असेल तेव्हासाठी राखून ठेवलंय. वापरताना इंटरनेट तोडावं लागतं, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. नवा पटला नाही तर डिस्कवर ठेवलेली जुनी फाइल पुन्हा टाकायची; डिव्हाइस मॅनेजरमधलं रोल बॅकचं (मागच्या ड्रायव्हरवर परत नेणारं) बटण क्लीन इन्स्टॉलनंतर चालेलच असं नाही. ड्रायव्हर बदलल्यावर भाचा हमखास ओरडतो की गेम अडकतोय. शेडरचा (गेमचं चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा) जुना साठा बाद होऊन नव्याने तयार होत असतो, थोडं खेळलं की सुरळीत होतं. त्याच दिवशी रोल बॅक करायला धावू नये.

पडदा क्षणभर काळा होऊन परत आला तर मात्र विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर (घडामोडींची नोंदवही) उघडावं. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं, आणि तिथे ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. पण दोष दरवेळी ड्रायव्हरचाच नसतो. ओव्हरक्लॉक (कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं), कमजोर पॉवर सप्लाय, धुळीने भरलेला पंखा, यांचाही तोच परिणाम होतो. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारणं अपडेटपेक्षा स्वस्त पडतं.

फोटो निवडायच्या दुसऱ्या मशीनवर जीटीएक्स १०६० आहे. ते ज्या पास्कल पिढीतलं आहे, तिला नेहमीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेची अपडेट्स. त्या मशीनवर यापुढे विचार करायचं कामच नाही: आलं की टाकायचं, आणि रिझॉल्व्हची आहे ती आवृत्ती तशीच चालू द्यायची.