युरोपात दीड महिना: गाडी भाड्याने घ्यावी की लीजवर?

आधी ‘लीज’ या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे लीजची गाडी म्हणजे कंपनी देते आणि दरमहा पगारातून कापून घेते ती. युरोपच्या लांबच्या सहलीसाठी जी लीज मिळते, तिचा त्याच्याशी काही संबंध नाही. ही मूळची फ्रान्सची सोय. तिथे नव्या गाडीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लागतो. पण युरोपीय संघाबाहेर राहणारा माणूस थोड्या दिवसांसाठी गाडी घेत असेल, तर त्याला तो माफ असतो. गाडी कोरी करकरीत, नोंदणी तुमच्या नावावर, आणि ठरलेल्या तारखेला ती परत घ्यायचं कंपनीने आधीच लिहून दिलेलं. मधल्या दिवसांचे पैसे तेवढे आपण भरायचे. परत आलेली गाडी कंपनी पुढे वापरलेली म्हणून विकते. रेनोची ‘युरोड्राइव्ह’ ही यातली ओळखीची योजना.

लीज साधारण २१ दिवसांपासून पुढे मिळते आणि सहा महिन्यांच्या आत संपावी लागते. आपल्याला मात्र त्याआधीच शेंगेनची, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाची, मर्यादा लागते: पर्यटक व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच. म्हणजे लीजचा विचार तीन आठवडे ते तीन महिने एवढ्याच पट्ट्यात करायचा. पंधरा दिवसांची सहल असेल तर सरळ भाड्याची गाडी बघा.

म्युनिकला किंवा ॲमस्टरडॅमला राहणाऱ्या मुलाकडे निघालेल्या आईबाबांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. मुलगा युरोपीय संघातला रहिवासी असल्यामुळे त्याच्या नावावर ही लीज मिळत नाही. ती बाबांच्या नावावर, बाबांच्या लायसन्सवर घ्यावी लागते. मुलाने ती चालवलेली चालेल का, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारून घ्या. चालणार नसेल आणि बाबांना उजव्या बाजूच्या रस्त्यावर गाडी हाकायची नसेल, तर मुलाने आपल्या नावावर भाड्याची गाडी घेणं हेच बरं.

आता पैशांचं. भाड्याच्या गाडीचा दर वेबसाइटवर दिसतो तो अर्धाच असतो. समजा, दिवसाला ३५ युरो दिसले. काउंटरवर गेलं की एक्सेसचा विषय निघतो. गाडीला काही झालं तर पहिले हजार-दोन हजार युरो तुमचे, आणि तेवढी रक्कम तुमच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. ती जबाबदारी नको असेल तर पूर्ण विमा घ्या, समजा दिवसाला आणखी २० युरो. ३५ दिवसांचे झाले १,९२५. दुसऱ्या चालकाचे वेगळे, चालक २५ वर्षांखालचा असेल तर त्याचे वेगळे. गाडी पॅरिसला घेऊन रोमला सोडायची म्हटलं तर देश बदलल्याचा आकार येतो, तो शेकड्यांत जातो. लीजमध्ये सुरुवातीच्या २१ दिवसांची रक्कम मोठी दिसते आणि पुढचा प्रत्येक दिवस स्वस्त पडतो. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात लीज भाड्याला गाठते आणि मागे टाकते. तुलना करताना दिवसाचा दर धरू नका. दोन्हीकडची सगळ्या खर्चासकट शेवटची रक्कम कागदावर शेजारी शेजारी लिहा.

क्रेडिट कार्डावरून आठवलं. भाड्याच्या काउंटरवर मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. आपल्याकडे गाडी चालवणार जावई आणि कार्ड सासऱ्यांचं, असं सहज होतं. डेबिट कार्डही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. बॅगा घेऊन विमानतळावर उभं असताना हे कळलं, तर सहलीचा पहिला दिवस तिथेच जातो. लीजचे पैसे निघायच्या आधीच भरलेले असतात, हा त्रास नाही.

पण माझं मन लीजकडे वळलं ते विम्यामुळे. पोर्तुगालमध्ये आम्ही तीन आठवडे भाड्याची गाडी घेतली होती. कुठे ठोकर नाही, काच फुटली नाही. परत देताना त्या माणसाने पुढच्या डाव्या चाकाच्या रिमवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबला. बोटाच्या पेराएवढी खरवड होती, कुठल्यातरी अरुंद गल्लीत फुटपाथला घासलेली. साध्या विम्यात चाकं, टायर, काचा आणि गाडीचा तळ बहुधा येत नाहीत, हे मी करारात वाचलंच नव्हतं. तीन रात्रींच्या हॉटेलाइतके पैसे कार्डावरून गेले. त्याहून वाईट म्हणजे बायको पुढे कितीतरी दिवस आठवत बसली, की त्या वळणावर आपणच ‘अजून थोडं घे’ म्हणालो होतो का.

लीजच्या विम्यात एक्सेस नसतो. ओरखडा, चोरी, फुटलेली काच, सगळं धरलेलं असतं. किलोमीटरची मर्यादा नाही, आणि नवरा-बायको दोघांनी चालवायला वेगळे पैसे नाहीत. विमा चाळीसहून अधिक देशांत चालतो. भाड्याच्या गाडीला कुठल्या देशात नेता येईल यावर अनेकदा बंधनं असतात, विशेषतः बाल्कनकडे वळायचं असेल तेव्हा. लीजमध्येही यादीबाहेरचे देश असतातच, तेव्हा अल्बानिया किंवा बोस्निया मनात असेल तर ती नावं यादीत शोधा. गाडीही तुम्ही निवडलेलीच मिळते. भाड्यात ‘किंवा तत्सम’ लिहिलेलं असतं, आणि चार मोठ्या बॅगा असताना त्या ‘तत्सम’च्या डिकीत तीनच बसतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर दोन्हीकडे आधीच सांगा. तिकडे मॅन्युअल गाड्याच भरपूर.

लीजची गाडी हातात येते तेव्हा नंबर प्लेट लाल असते, किलोमीटर दोन आकडी असतात आणि टाकीत जेमतेम पंपापर्यंत जाण्याइतकं इंधन. पहिलं काम पंप शोधणं. इथे आपली माणसं हमखास फसतात. फ्रान्समध्ये पंपावर ‘गाझोल’ लिहिलेलं असतं. ऐकायला गॅसोलिनसारखं, म्हणजे पेट्रोल वाटतं, पण ते डिझेल. पेट्रोल म्हणजे ‘सां प्लाँ’. शब्दांवर विसंबू नका, झाकणाजवळचं चिन्ह पाहा: गोलात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल. ही चिन्हं २०१८ पासून सगळ्या युरोपीय संघात सारखी आहेत. चुकीचं इंधन भरलं तर तो खर्च आपल्याच गळ्यात पडतो.

भाड्याची गाडी सरस ठरते अशाही जागा आहेत. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. तिथे फ्रान्सची डाव्या स्टिअरिंगची गाडी नेऊन ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरण्यापेक्षा तिथलीच घ्या. थंडीत आल्प्सकडे जाणार असाल तरी भाड्याचीच. फ्रान्सच्या डोंगराळ भागात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर किंवा साखळ्या बंधनकारक आहेत, आणि लीजची गाडी हिवाळी टायरवर येईल असं धरून चालू नका. स्वित्झर्लंडमध्येच गाडी घेतली तर ४० फ्रँकचा हायवेचा स्टिकर तिच्यावर लावलेलाच असतो. जर्मनीत घेतली तर शहरांत शिरायला लागणारा हिरवा प्रदूषण-स्टिकरही असतो. फ्रान्सच्या लीज गाडीसाठी हे दोन्ही तुम्ही मिळवायचे.

आणि सहलीचा आराखडा शहरांचा असेल, पॅरिसला आठ दिवस, रोमला सहा, बार्सिलोनाला पाच, तर लीजचं गणितच कोलमडतं. गाडी पार्किंगमध्ये उभी राहणार आणि तिचे वेगळे पैसे पडणार. इटलीच्या जुन्या शहरांत परवानगीशिवाय गाड्यांना बंदी असलेले भाग आहेत, तिथे कॅमेरे लावलेत आणि दंड घरच्या पत्त्यावर येतो. भाड्याची गाडी असेल तर कंपनी तुमचा पत्ता कळवल्याचा आकार दंडाशिवाय वेगळा लावते. अशा सहलीत शहरांमध्ये रेल्वे आणि मधल्या टस्कनी किंवा प्रोव्हान्ससाठी आठवडाभर भाड्याची गाडी, हेच मी कुणालाही सांगेन. उलट नॉर्मंडीपासून स्लोव्हेनियापर्यंत गावोगाव हिंडायचं, पाच-सहा आठवडे हाताशी आहेत आणि रोज बॅगा डिकीत टाकून निघायचं आहे, तर मी डोळे मिटून लीज घेईन.

दोन्हींसाठी आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट काढा, ते वर्षभर चालतं, आणि मूळ लायसन्सही जवळ असू द्या. लीज ठरली तर निदान महिनाभर आधी बुक करा, कारण गाडीची नोंदणी तुमच्या नावाने व्हायची असते. फॉर्म भरताना पासपोर्ट समोर ठेवा आणि नाव त्यात आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट लिहा. गाडीच्या कागदांवर तेच छापून येतं.