एक दिवसाचं वेतन पूरग्रस्तांसाठी: कंपनीमार्फत द्यावं की युनियनमार्फत?

मोठा पूर किंवा भूकंप झाला की आठवड्याभरात कारखान्याच्या नोटीस बोर्डावर दोन कागद लागतात. एक एचआरचा: एक दिवसाचं वेतन द्या, कंपनी तेवढीच भर घालेल. दुसरा युनियनचा: मदत निधीची वर्गणी ऑफिसात जमा करा, पावती घ्या. हेतू दोन्हीकडे चांगलाच असतो. पण पैसा, सामान आणि माणसं या दोन वाटांनी सारखी पोचत नाहीत. आमचं मत आधीच सांगतो. सामान आणि मोठं बांधकाम कंपनीने करावं. कुशल हात आणि आपल्याच सभासदांना तातडीची रोख मदत युनियनने द्यावी. पगारातला पैसा मात्र कामगाराचा आहे, त्याने लिहून दिल्याशिवाय त्याला कोणीही हात लावू नये.

कुणाचा पैसा, ते आधी वेगळं करा

बहुतेक वाद इथूनच सुरू होतात. कंपनीच्या मदतीत दोन प्रकारचा पैसा असतो: सीएसआरचा, म्हणजे कायद्याने समाजोपयोगी कामांवर खर्च करायचा, आणि सीएसआरबाहेरचा. तिसरा पैसा कामगारांचा. जाहीर करताना तिन्हींची बेरीज करून एकच आकडा सांगितला जातो, आणि मग कुणाचं किती ते कुणालाच कळत नाही.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करायची असते. आपत्तीतली मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी हा विषय २०१९ मध्ये अनुसूची सातमध्ये, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या विषयांच्या यादीत, स्पष्टपणे घातला गेला. म्हणजे पैसा आहे, आणि तो कायद्याने बांधलेलाही आहे. ही बंधनं माहीत असली की कंपनीकडे नेमकं काय मागायचं ते ठरवता येतं.

मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरली जात नाही. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला किंवा पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीला दिलेली धरली जाते. कंपनीने स्वतःच्या गोदामातला माल वाटला, तर त्याची छापील किंमत लावून सीएसआर खर्च दाखवता येत नाही. कर्मचाऱ्यांनी श्रमदान केलं, तर त्या तासांचे पैसे लावून दाखवता येत नाहीत. आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा उपक्रम तर सीएसआरमध्ये बसतच नाही. या शेवटच्या मुद्द्याकडे पुढे पुन्हा येऊ, कारण युनियनची खरी गरज तिथेच लागते.

तेव्हा कंपनी ‘तेवढीच भर’ घालणार असेल तर एक प्रश्न लेखी विचारा: ही भर सीएसआरच्या ठरलेल्या २ टक्क्यांतूनच येणार आहे, की त्यावर वेगळी? पहिलं उत्तर आलं तर ती रक्कम तशीही कुठेतरी खर्च होणारच होती. तिचं स्वागत जरूर करा, पण केवळ त्या आमिषाने कपातीच्या फॉर्मवर सही करू नका.

कपातीची संमती

पगारातून काय कापता येतं याची यादी पूर्वी वेतन प्रदान कायदा १९३६ मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली आहे. दोन्हींमध्ये पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीचं नाव घेऊन उल्लेख आहे, त्यापुढे केंद्राने अधिसूचित केलेले इतर निधी, आणि अट कामगाराच्या लेखी संमतीची. युनियनची सभासद वर्गणीही लेखी संमतीने कापता येते. पण युनियनने उभारलेल्या मदत निधीसाठी एकदाची कपात ही वेगळी बाब आहे. ती पगारपत्रकात घुसवण्यापेक्षा पूर्ण पगार खात्यात जमा होऊ द्यावा आणि सभासदाने स्वतः यूपीआयने रक्कम पाठवावी. थोडी रक्कम कमी जमेल, पण वाद राहणार नाही.

‘नको असेल त्याने तसं कळवावं’ ही पद्धत वापरू नका. केरळच्या २०१८ च्या महापुरानंतर राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना महिन्याचा पगार दहा हप्त्यांत देण्याचं आवाहन केलं. ज्यांना द्यायचं नाही त्यांनी नकारपत्र द्यावं, अशी अट होती. एक कर्मचारी संघटना कोर्टात गेली, उच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. ज्याच्या घरात आजारपण आहे, त्याला चारचौघांत ‘मी देत नाही’ असं लिहून द्यायला लावणं ही मदतीची रीत नव्हे. फॉर्मवर ‘देतो’ची चौकट ठेवा, ‘देत नाही’ची ठेवूच नका.

‘एक दिवस’ म्हणजे किती, तेही फॉर्मवर छापा. एकूण पगार ३०,००० आणि भागिले ३० दिवस धरले तर १,००० रुपये होतात. भागिले २६ धरले तर १,१५४. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २०,००० असतील व त्यालाच २६ ने भागलं तर ७६९. चारशे कामगारांमागे पहिल्या आणि शेवटच्या हिशेबात ९२,४०० रुपयांचा फरक पडतो.

करसवलतीचं थोडक्यात: पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांना दिलेल्या देणगीवर जुन्या करप्रणालीत पूर्ण वजावट आहे, नव्या प्रणालीत ती नाही. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर वजावट जाते. युनियनच्या मदत निधीच्या पावतीवर ही सवलत मिळेल असं सभासदांना सांगू नका.

पहिले पंधरा दिवस: सामान

इथे कंपनी सरस आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करावं. तिच्याकडे खरेदी विभाग, ठरलेले पुरवठादार, ट्रक, गोदाम आणि उधारीची पत असते. युनियनने जमवलेले ४ लाख किरकोळ दुकानात जेवढं आणतात, त्याहून बरंच जास्त सामान कंपनीचा खरेदी अधिकारी घाऊक भावात आणतो. म्हणून युनियनकडे वस्तूंसाठी जमलेला पैसाही कंपनीच्या ऑर्डरीत घालून, बिलाची प्रत घेणं शहाणपणाचं.

किती मागवायचं? स्फिअर या आंतरराष्ट्रीय किमान निकषांचा आधार घ्या. माणशी रोज १५ लिटर पाणी. महिन्याला माणशी २५० ग्रॅम अंगाचा आणि २०० ग्रॅम कपड्यांचा साबण. डोक्यावर छप्पर असलेली जागा माणशी ३.५ चौरस मीटर. दोनशे कुटुंबं, घरटी पाच माणसं धरली तर १,००० लोकांना रोज १५,००० लिटर पाणी लागतं, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या दीड खेपा. साबण महिन्याला ४५० किलो. हे आकडे पाहिले की कळतं, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांचे फोटो चांगले येतात, पण तहान टँकर आणि साठवणाच्या टाकीनेच भागते. टाकीतल्या पाण्यात क्लोरीन उरतंय का, ते साध्या टेस्ट किटने रोज बघायचं. वापराच्या ठिकाणी लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलेलं दिसायला हवं.

जुने कपडे घेऊच नका, ना कंपनीच्या गेटवर, ना युनियनच्या ऑफिसात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ते निवडायला, हलवायला माणसं लागली, आणि नेमकी माणसंच तेव्हा कमी होती. औषधांचंही तेच. घरोघरी उरलेल्या गोळ्या गोळा करण्यापेक्षा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची यादी मागवा आणि तेवढीच औषधं खरेदी करा.

कंपनीचं नेहमी चुकतं ते वाटपात. ट्रक हमरस्त्यावरच्या गावी थांबतो, तिथेच फलक लागतो आणि आतल्या वाड्यांपर्यंत काही जात नाही. त्या वाड्यांत आपले सभासद राहतात. ट्रकबरोबर त्या तालुक्यातले दोन सभासद आणि तलाठ्याकडची कुटुंबांची यादी गेली, तर एकाच घराला दोनदा आणि शेजारच्याला शून्य, असं होत नाही.

हात

पूर ओसरल्यावर सर्वांत जास्त टंचाई कारागिरांची असते: वायरमन, फिटर, प्लंबर, गवंडी, पंप दुरुस्त करणारे. ही माणसं युनियनकडे नावानिशी आहेत, आणि सहकारी विचारतो तेव्हा ती एचआरच्या ईमेलपेक्षा जास्त संख्येने येतात. पण रजा, प्रवास आणि हत्यारं कंपनीच्या हातात असतात. त्यामुळे हे काम दोघांनी मिळूनच होतं. मारिया चक्रीवादळानंतर ४ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेतल्या अनेक युनियनचे तीनशेहून जास्त सभासद पोर्टो रिकोला गेले, ते युनायटेड एअरलाइन्सने दिलेल्या विमानातून. त्यांत वीज कामगार, सुतार, परिचारिका, ट्रक चालक होते. माणसं युनियनने निवडली, विमान कंपनीने दिलं.

पथक लहान ठेवा: दोन वायरमन, एक मदतनीस, एक स्थानिक माणूस. पाण्यात बुडालेले एमसीबी आणि ईएलसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच) वाळवून परत लावायचे नाहीत, बदलायचेच. वायरिंग मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) ५०० व्होल्टवर तपासा, १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर लाइन जोडू नका. अर्थिंग तपासल्याशिवाय तर मुळीच नाही. बुडालेली मोटर सुकवल्याशिवाय चालू केली की वाइंडिंग जळतं, आणि आधीच सगळं गमावलेल्या शेतकऱ्याला तो भुर्दंड आपल्यामुळे पडतो. चिखलात उतरणाऱ्या प्रत्येकाला गमबूट आणि रबरी हातमोजे द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं, आणि लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

विम्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. स्वतःची रजा टाकून युनियनतर्फे गेलेला कामगार जखमी झाला, तर अपघात ‘कामाच्या ओघात’ झाला की नाही यावर भांडण होणार. कंपनीने ऑन-ड्युटी पत्र द्यावं किंवा तेवढ्या दिवसांचा सामूहिक अपघात विमा उतरवावा. यातलं एकही मिळत नसेल तर पथक पाठवू नका.

आपलेच सभासद आपत्तीत सापडले असतील तर

सीएसआरमधून फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी खर्च चालत नाही, हे वर आलंच. कंपनी पगारी उचल किंवा कर्मचारी कल्याणाच्या खात्यातून मदत देऊ शकते, पण त्यात कंत्राटी कामगार बहुधा सुटतात. गेटच्या आत काम तेच, पण नाव ठेकेदाराच्या हजेरीत. इथे युनियनची रोख मदत दोन दिवसांत घरात पोचू शकते, कारण कुणाचं घर पडलं हे विभागातल्या प्रतिनिधीला माहीत असतं.

मात्र युनियनचा सर्वसाधारण निधी वाटेल तसा खर्च करता येत नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात खर्चाच्या बाबी ठरलेल्या होत्या, आणि सर्वसाधारण कामगारहिताच्या कार्याला द्यायच्या देणगीवर वर्षातलं तोवरचं उत्पन्न अधिक सुरुवातीची शिल्लक यांच्या एक चतुर्थांशाची मर्यादा होती. आता त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, तिथेही खर्च नियमांत सांगितलेल्या बाबींवरच होऊ शकतो. म्हणून आपत्तीसाठी वेगळं बँक खातं, दोन सह्या, क्रमांक छापलेली पावती पुस्तकं आणि कार्यकारिणीचा ठराव हवा. गेटबाहेरच्या लोकांकडूनही वर्गणी घ्यायची असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा.

वर्षभरानंतर: घरं आणि शाळा

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्यातली बरीच देणगीदारांनी दत्तक घेतली होती. अनेक ठिकाणी सरळ रेषेतली, शहरी धाटणीची घरं उभी राहिली. गुरं बांधायला, कडबा ठेवायला जागा नाही, शेत लांब. बांधकाम पक्कं असूनही लोकांना ती आपली वाटायला वेळ लागला. कंपनी पुनर्बांधणीला निघाली असेल तर नकाशा मंजूर होण्याआधी गावातल्या बायकांशी बैठक झाली का, हे युनियनने विचारावं.

पैशाच्या बाबतीत मात्र ही वाट कंपनीचीच. सीएसआरचा चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालू शकतो, न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. शाळा बांधली तर तिची मालकी कंपनीकडे ठेवता येत नाही, ती सार्वजनिक प्राधिकरणाकडे, सीएसआर नोंदणी असलेल्या ना-नफा संस्थेकडे किंवा लाभार्थ्यांच्या गटाकडे द्यावी लागते. मग छपराची गळती कुणी काढायची, हे हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्या.

कंपनी आणि युनियन मिळून काम करणार असतील तर करारात तीन तारखा असू द्या: पैसे जमा करण्याची शेवटची तारीख, खर्च संपवण्याची तारीख, आणि बिलांसह हिशेब नोटीस बोर्डावर लावण्याची तारीख. उरलेली रक्कम कुठे जाईल तेही त्याच ठरावात नाव घालून लिहा. ‘पुढच्या आपत्तीसाठी राखीव’ असं मोघम लिहिलं, तर पदाधिकारी बदलल्यावर ते पैसे कुणाचे, हे सांगणारं कुणी उरत नाही.