स्पाइक, रबर की स्प्रिंग? ऑडिओ सिस्टीमखाली काय ठेवायचं ते ठरवताना

पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटांची एक परीक्षा करा. टर्नटेबलची मोटर बंद ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा आणि आवाज हळूहळू वाढवत नेहमीच्या पातळीपर्यंत आणा. मध्येच घूं घूं सुरू झाली तर लगेच कमी करा, नाहीतर वूफरला (स्पीकरमधल्या, खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या भागाला) इजा होईल. मग ज्या शेल्फवर टर्नटेबल आहे त्यावर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. स्पीकरमधून ‘धप्प’ ऐकू आलं, तर शेल्फ हलतोय आणि सुई ते इमानेइतबारे वाचतेय. रेकॉर्डच्या खाचेतली नक्षी मायक्रोमीटरच्या मापाची असते. सुईला संगीताचं कंपन कुठलं आणि शेल्फचं कुठलं हे कळायला मार्ग नाही. आता कुणालातरी खोलीत चालायला सांगा आणि वूफरच्या कोनकडे बघा. पावलागणिक तो आतबाहेर डुलत असेल, तर दोष जमिनीकडून येतोय.

ही दोन उत्तरं हाताशी असली की निवड निम्मी झालीच, कारण स्पाइक, रबर आणि स्प्रिंग हे तिन्ही पर्याय वेगवेगळ्या दुखण्यांवरचे आहेत.

स्पाइक म्हणजे खाली लावायचे टोकदार पाय, आणि त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. स्पाइक कंपन जमिनीत ‘सोडून देतात’, वर येऊ देत नाहीत, असं सर्रास सांगितलं जातं. पण पोलादी टोक म्हणजे कडक जोड, आणि कडक जोडातून कंपन दोन्ही दिशांनी जातं. स्पाइकचं खरं काम स्थैर्याचं आहे: गालिचा भेदून खालच्या घट्ट जमिनीवर उभं राहणं, स्पीकर डुगडुगू न देणं. त्यासाठी ते उत्तम आहेत. मात्र चारही टोकं नीट टेकली पाहिजेत. एक जरी अधांतरी राहिलं तरी स्पीकर लंगडतो.

रबर आणि स्प्रिंग यांचं काम उलट, जोड तोडण्याचं. इथे एक हिशेब समजून घेण्यासारखा आहे, कारण विक्रेत्याच्या कौतुकापेक्षा तो जास्त सांगतो. वजन ठेवल्यावर स्प्रिंग जितकी दबते, त्यावरून तिची स्वतःची डुलण्याची वारंवारिता (सेकंदाला किती वेळा डुलते, म्हणजे किती हर्ट्झ) ठरते. 1 मिलिमीटर दबली तर साधारण 16 हर्ट्झ, 4 मिलिमीटरला 8, 10 मिलिमीटरला 5. कंपनाची वारंवारिता या आकड्याच्या सुमारे 1.4 पटीच्या वर गेली की मगच ते कमी व्हायला लागतं. त्याच्या खाली काहीच अडत नाही, उलट त्या आकड्याच्या आसपास कंपन वाढतं. म्हणून जेमतेम दबणारा रबरी पाय शेल्फची खरखर, टणटण अडवतो, पण पावलांचे धक्के अडवू शकत नाही.

रबराचा गुण असा की ते डुलणं लवकर शमवतं. सॉर्बोथेनसारखे मऊ पॉलिमर यात तरबेज आहेत. पण प्रत्येक पायाला वजनाची एक मर्यादा असते, आणि तिकडे बहुतेक जण बघतच नाहीत. वजन कमी पडलं तर तो दबत नाही, म्हणजे नुसता ठोकळा. जास्त झालं तर चपटा होऊन पुन्हा ठोकळाच. शिवाय काही मऊ पाय पॉलिश केलेल्या लाकडावर डाग सोडतात, त्यामुळे खाली पातळ चकती ठेवावी.

चांगली स्प्रिंग यापेक्षा खूप खालच्या वारंवारितेपर्यंत जाते. टर्नटेबलमध्ये ही कल्पना मुरलेली आहे: एडगर विल्चर यांनी 1961 साली आणलेल्या एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या टर्नटेबलमध्ये प्लॅटर (रेकॉर्डखालची फिरती तबकडी) आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या एकाच चौकटीवर बसवले होते, आणि पुढे लिन कंपनीच्या एलपी12 टर्नटेबलनेही तीच वाट धरली. तुमचं टर्नटेबल या जातीचं असेल तर त्याखाली आणखी स्प्रिंग घालू नका. दोन स्प्रिंगा एकमेकींना डोलवतात. त्याला हवं असतं हलकं, कडक टेबल.

टर्नटेबल बिनस्प्रिंगचं असेल आणि जमीन काँक्रीटची, तर स्प्रिंगचे पाय माझी पहिली पसंती. लाकडी, लवचीक जमिनीवर मात्र सावध राहा. तिथे पावलांचे धक्के काही हर्ट्झच्या टप्प्यात असतात, नेमके स्प्रिंगच्या डुलण्याच्या शेजारी, आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) व टोनआर्मची स्वतःची वारंवारिताही जवळच, बहुधा 8 ते 12 हर्ट्झला. मी हे भोगलंय: अशा जमिनीवर स्प्रिंग बसवल्या आणि आधी नुसती थरथरणारी सुई चक्क उड्या मारायला लागली. त्यावरचा उपाय म्हणजे भक्कम भिंतीत ठोकलेला शेल्फ. दिसायला साधा, पण पावलांच्या धक्क्यांवर याच्याइतका खात्रीचा इलाज मला माहीत नाही.

स्पीकरचा विचार वेगळा करावा लागतो. लाकडी जमिनीवर स्पाइक लावले तर अख्खी जमीन वाजते आणि बास फुगतो; तिथे रबर किंवा स्प्रिंग लावल्यावर खालचे स्वर सुटे ऐकू येतात. काँक्रीटवर हा फरक बराच कमी, तिथे स्थैर्य बघा. उंच, अरुंद स्पीकर मऊ स्प्रिंगवर ठेवून कुणाच्या धक्क्याने कलंडू देण्यात अर्थ नाही. सबवूफरखाली (फक्त खालचे स्वर काढणाऱ्या वेगळ्या स्पीकरखाली) मात्र मऊ पायच हवेत. हवेतून जाणारा बास त्याने थांबणार नाही, तेवढं लक्षात ठेवा.

ग्रॅनाइटची लादी बरेच जण घेतात. नुसती ठेवली तर ती घंटेसारखी वाजते, बोटाने ठोकून बघा. मऊ पायांवर ठेवली तर तिचं वजन कामी येतं. थर दिलेलं जाड प्लायवुड त्या मानाने मुकं असतं.

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्ट्रीमर (इंटरनेटवरून संगीत वाजवणारं उपकरण) यांवर खर्च सर्वांत शेवटी. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, आत काही न फिरणाऱ्या उपकरणाला महागड्या पायांतून ऐकू येण्याजोगं काही मिळतं असं मला आढळलेलं नाही. व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर अपवाद. पेन्सिलीच्या लाकडी टोकाने व्हॉल्व्हला अलगद टिचकी द्या. स्पीकरमधून ‘टिंग’ आलं तर पाय बदलण्याआधी तो व्हॉल्व्ह बदलून बघा. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असेल तर रबरी पायांनी शेल्फ तरी गुणगुणत नाही, पण त्याच शेल्फवर टर्नटेबल ठेवू नका.

काहीही बसवलंत तरी नंतर प्लॅटरवर पाणसळ ठेवून सपाटी तपासा आणि महिन्याभराने पुन्हा बघा. मऊ पाय वजनाखाली सावकाश बसतात, आणि मोटर किंवा टोनआर्मची बाजू जड असेल तर ते सारखे बसत नाहीत.