नावेवर रगेड लॅपटॉप: सगळं दणकट, फक्त ते एक रबरी झाकण सोडून

सर्व्हिसवाल्याचा परवा परत फोन आला आणि परत तेच, "सर, पोर्टवरचा फ्लॅप सुटा येत नाही, खालची पूर्ण बॉडी असेंब्ली घ्यावी लागेल." बोटभर रबराचा तुकडा तुटलाय हो, आणि त्यासाठी साडेअठरा हजार प्लस जीएसटी. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. तेव्हाच ठरवलं की आता लिहूनच टाकायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे.

आमचं काम म्हणजे धरण, बॅरेज, जॅकवेल (नदीतून पाणी उपसायची विहीर) इथे गाळ किती बसलाय ते मोजायचं. नावेला इको साउंडर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याची खोली मोजणारं यंत्र, वर जीपीएसचा अँटेना, आणि दोघांचा डेटा लॅपटॉपमध्ये. सुलवाडे, सारंगखेडा, वरती हतनूर, असं तापीवरच जास्त फिरणं. हतनूरला तर गाळाला तोटा नाही, चांगदेवला पूर्णा येऊन मिळते ती माती घेऊनच येते. पावसाळा सरला, पाणी पूर्ण लेव्हलला आलं की नावेचं काम, म्हणजे बरोबर ऑक्टोबर हीटमध्ये, आणि जो भाग कोरडा राहतो तो मग उन्हाळ्यात काठाकाठाने पायी. भुसावळकडचा उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको.

आधी साधाच लॅपटॉप होता. त्याला केळीच्या एक्सपोर्टचा पुठ्ठ्याचा खोका आडवा कापून हूड केलेला, आत डोकं घालून बसायचं आणि तरी स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसायचं. साध्या लॅपटॉपचा ब्राइटनेस 250-300 निट्सच्या आसपास असतो, उघड्या पाण्यावर त्याचं काही चालत नाही. म्हणून रगेड, म्हणजे धूळ-पाणी-आपटणं सोसणारे दणकट लॅपटॉप, बघायला लागलो. टफबुक, गेटॅक, डेलचे रगेड वगैरे नवे बघितले, किमती बघून पान बंद केलं. शेवटी लीजवरून परत आलेला रिफर्बिश्ड घेतला, 58 हजाराला. 1000 निट्स स्क्रीन, आयपी 65 (धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा), जीपीएस वगैरे जोडायचा जुन्या पद्धतीचा खरा 9 पिनचा सिरियल पोर्ट, काढता येणारी बॅटरी, वरती हँडल. वजन साडेतीन किलो. घरी आणला तेव्हा वडील म्हणाले शिलाई मशीन आणलं का रे.

पहिले काही महिने मी याच्या प्रेमात होतो, खरंच. स्क्रीन दुपारी बारालाही वाचता येते. फक्त पोलराइज्ड गॉगल घालू नका, एलसीडी त्यातून ठरावीक अँगलला पार काळी दिसते, आमचा पोरगा अर्धा तास लॅपटॉप बंद पडला म्हणून रीस्टार्ट करत बसला होता आणि दोष डोळ्यावर होता. फुल ब्राइटनेसवर बॅटरी निम्म्यावर येते ते वेगळं.

सिरियल पोर्टचं सुख तर विचारू नका. यूएसबी टू सिरियलच्या स्वस्त केबलमध्ये नकली चिप निघाली की विंडोज ड्रायव्हर घेत नाही, आणि हे नेहमी नदीच्या मधोमध कळतं. एक गंमत मात्र खऱ्या पोर्टवर पण होते. जीपीएस जोडलेला असताना लॅपटॉप चालू केला की विंडोजला कधी कधी तो माउस वाटतो, मग बाण स्क्रीनभर नाचत सुटतो आणि आपोआप क्लिक होत राहतात. आमचे नावाडी आप्पा म्हणाले बाहेरचं काही लागलं. उपाय सोपा आहे, आधी विंडोज पूर्ण चालू होऊ द्यायचं आणि मग जीपीएसची केबल लावायची, नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो 'सिरियल बॉलपॉइंट' कायमचा डिसेबल करायचा.

आप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भाऊ, हाऊ डबा पानीमा पडना ते तरंगी का बुडी?" मी म्हटलं बुडणार आप्पा, दगडासारखा बुडणार. रगेड म्हणजे तरंगतो असं कुठेच लिहिलेलं नाही. हँडलला दोरी बांधा आणि दोरी नावेच्या फळीला. आयपी 67 असेल तर 1 मीटर पाण्यात अर्धा तास चालतो, 65 म्हणजे नुसते पाण्याचे फवारे आणि धूळ.

इथपर्यंतचं दिवाळीआधी लिहून ठेवलं होतं, पाच पैकी साडेचार देणार होतो. आता पुढचं वाचा.

हे आयपी 65 कधी लागू असतं? सगळी झाकणं घट्ट बंद असताना. आणि नावेवर काम करताना कोणतं झाकण बंद असतं सांगा बरं. पॉवरची पिन आत, सिरियलची केबल आत, यूएसबीत सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली. म्हणजे पाणी उडतं तेव्हा तीन भोकं उघडी, आणि लॅपटॉप बॅगेत झोपलेला असतो तेव्हा आयपी 65. ब्रोशरमध्ये बघा, लॅपटॉपवर पाणी ओततानाचा फोटो असतो, त्यात एकही केबल लावलेली नसते. मिल स्टँडर्ड 810 एच, म्हणजे अमेरिकन लष्कराचं दणकटपणाचं स्टँडर्ड, त्याचं पण तसंच, ती टेस्ट कशी करायची याची पद्धत आहे, त्यातल्या कुठल्या टेस्ट करायच्या ते कंपनी ठरवते, सरकारी शिक्का वगैरे काही नसतो. तीन वेळा टेबलावरून पडला तर काही झालं नाही, तेवढं मान्य. पण मला टेबलावरून पाडायचा नव्हता, नदीत चालवायचा होता.

आता ते झाकण. डाव्या बाजूला सिरियल आणि दोन यूएसबी मिळून एकच लांब झाकण, आणि ते बॉडीला धरून ठेवायला काय, तर एक पातळ रबरी पट्टी, बिजागरी म्हणा. केबल लावली की झाकण दिवसभर उलटं वाकलेलं राहतं, तेही भर उन्हात. रिफर्बिश्ड म्हणजे रबर आधीच चार-पाच वर्षं म्हातारं. कडेला चिरा दिसत होत्या, मी फेविक्विक लावलं, त्याने ते आणखी कडक झालं आणि सारंगखेड्याला वाऱ्याविरुद्ध मोजणीची लाइन घेताना टप्पकन तुटून पाण्यात गेलं. वळताना इंजिनने उडवलेलं पाणी सरळ यूएसबीत. लॅपटॉप बंद पडला नाही, हे त्याचं मोठेपण. पण तो पोर्ट चालू होता, 5 व्होल्ट असलेल्या पिनवर पाणी बसलं की गोड पाण्यात पण तांबं हिरवं पडतं, दोन दिवसांनी पोर्ट गेला. आपल्याकडे समुद्र नाही म्हणून निर्धास्त राहू नका एवढंच.

मग सुरू झाली सर्व्हिसची वारी. विकणारा म्हणाला वॉरंटीत रबर आणि प्लास्टिक येत नाही. कंपनी म्हणाली मशीन आमच्याकडे तुमच्या नावावर नाही. नाव बदलून घेतलं, तर तुमच्या पिनकोडला ऑनसाइट (जागेवर येऊन दुरुस्ती) नाही, पुण्याला पाठवा. पुण्याला पाठवायचा तर मी नावेवर काय पाटी-पेन्सिल नेऊ? आणि पाठवून मिळणार काय, तर असेंब्ली. माझा राग साडेअठरा हजाराचा नाही (आहे, थोडा आहे), राग याचा आहे की जी वस्तू झिजणारच आहे ती यांनी सुटी विकायलाच ठेवलेली नाही. चक्कीचा पट्टा, पंपाचं ऑइल सील, कुकरची रिंग, सगळं सुटं मिळतं या देशात.

जुगाड सांगतो. जळगावला पंपाच्या सील-गॅस्केटवाल्याकडून नायट्राइल रबराची शीट आणून झाकण कापलं. छान बसलं, आणि उन्हाने महिन्याभरात तडकलं. नायट्राइल तेलाला चांगलं, उन्हाला नाही. मग दुकानदारानेच सांगितलं, ईपीडीएम घ्या, गाडीच्या दाराला असतं ते. ते टिकलंय. नसेल मिळत तर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, तोही चालतो. बिजागरी करायचीच नाही, सरळ बुचासारखं आत दाबायचं आणि दोऱ्याने बॉडीला बांधायचं.

मूळ रोगावरचा इलाज मात्र वेगळा. इलेक्ट्रिकच्या दुकानातला प्लास्टिकचा वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्स घेतला, त्यात यूएसबी हब, डोंगल आणि एक बरा सिरियल कन्व्हर्टर टाकला, सगळ्या केबल ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) आत. बॉक्समधून एकच यूएसबी केबल लॅपटॉपकडे जाते आणि तिच्याभोवती ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ज्या सिरियल पोर्टसाठी मी हा लॅपटॉप घेतला तो आता कायमचा बुजवलेला आहे, हसू नका. ज्यांना परवडतं त्यांनी गाडीत लावायचा डॉक घ्यावा, त्यात लॅपटॉपच्या बुडाला एकच कनेक्टर येतो आणि केबल सगळ्या डॉकला लागतात.

पॉवरसाठी इन्व्हर्टर नेऊ नका. 12 व्होल्टच्या बॅटरीवरून थेट डीसी अडॅप्टर लावा, इन्व्हर्टरने बॅटरीही जास्त खाल्ली आणि इको साउंडरच्या ट्रेसमध्ये कचरा पण यायला लागला, आम्ही तो बरेच दिवस गाळ समजत होतो. उन्हात बॉडी तापली की चार्जिंग थांबतं, ते बॅटरी स्वतःला वाचवते म्हणून, घाबरू नका, ओलं फडकं खाली घाला आणि सावली करा. केळीचा खोका म्हणून परत आलाच आहे, फक्त आता सावलीसाठी.

मग परत घेशील का, असं भाच्याने विचारलं. रिफर्बिश्ड घेईन, हो. पण आता स्पेक बघायच्या आधी झाकणं बघेन, प्रत्येक झाकण उघडून उलटं वाकवून, आणि विकणाऱ्याला विचारेन की हे सुटं मिळतं का. पोर्ट मागच्या बाजूला असतील तर 5 हजार जास्त देईन, कारण मागे मी पाटी उभी करून पाणी अडवू शकतो, बाजूला माझी कोपरं असतात. पूर्ण रगेड नको असेल तर आयपी 53 वालं सेमी-रगेडही या बॉक्सबरोबर चालून जाईल असं आता वाटतं, वजन बरंच कमी असतं. रेटिंग साडेतीन. अर्धा मार्क झाकणाचा, अर्धा त्या फोनवाल्याचा.

आणि हो, कोणाकडे 14 इंची रगेडची मेलेली बॉडी पडलेली असेल, डावीकडचं लांब झाकण शाबूत असेल, तर कळवा. मदरबोर्ड गेलेला चालेल, स्क्रीन फुटलेली चालेल. 1000 पर्यंत देईन, धुळे-जळगाव पट्ट्यात असेल तर स्वतः येऊन घेऊन जाईन.