ख्याल ऐकणाऱ्याने ॲपचं सभासदत्व घ्यावं, की सीडी आणि फाइल्स विकत घ्याव्यात?

फक्त चालू चित्रपटगीतं ऐकायची असतील तर निर्णय सोपा आहे. आवडेल त्या ॲपचं सभासदत्व घ्या आणि मोकळे व्हा. अडचण ख्याल, म्हणजे रागदारी गाणं, ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांची आहे. ज्यांना संध्याकाळी पाऊण तासाचा मारवा लागतो, रविवारी सकाळी नाट्यसंगीत लागतं, आणि ज्यांच्या कपाटात सीडींचा एखादा खण अजून शिल्लक आहे. तो खण रिकामा करून जागा मोकळी करावी, की उलट त्यात भर घालावी? मी दोन्ही करून पाहिलं आहे. काही वर्षं सगळं ॲपवर ऐकलं, आता बहुतेक स्वतःच्या फाइल्सवर ऐकतो. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते पुढे लपणार नाही, पण दोन्ही बाजू जमेल तितक्या प्रामाणिकपणे मांडतो.

बिटरेट, हेडफोन, डीएसी अशा आवाजाच्या तांत्रिक बाबींत शिरत नाही. रोजच्या ऐकण्यात चांगल्या ॲपचा आवाज आणि सीडीचा आवाज यांतला फरक माझ्या कानांना कळत नाही. कोणाला कळत असेल तर त्यांच्याशी माझा वाद नाही.

आधी ॲपची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. महिन्याला शंभर-दोनशे रुपयांत जेवढं ऐकायला मिळतं, तेवढं आमच्या लहानपणी आकाशवाणी, शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर आणि गणेशोत्सवातली मैफल मिळूनही मिळत नव्हतं. एखादा राग मनात घोळायला लागला की तोच राग जयपूर, किराणा, ग्वाल्हेर, आग्रा असा लागोपाठ ऐकता येतो. भूप एकाच बैठकीत चार घराण्यांकडून ऐकल्यावर राग म्हणजे काय हे जसं उमगतं तसं पुस्तक वाचून उमगत नाही. शिवाय आज तिशी-चाळिशीत असलेले गायक-वादक सीडी काढतच नाहीत. त्यांचं गाणं ऐकायचं तर ॲप किंवा यूट्यूब, तिसरा मार्ग जवळपास नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला तर ॲप हे वरदानच आहे. नव्या कलाकारांची ओळख करून घेण्यासाठी मी आजही ॲपच उघडतो.

आता धंद्याची बाजू. ॲपवर काय ऐकायला मिळेल हे ठरतं कंपन्यांच्या करारांवर, आणि करार संपतात. स्पॉटिफाय फेब्रुवारी 2019 मध्ये भारतात आलं. सारेगामाने त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालय गाठलं आणि आपली गाणी तिथून काढायला लावली. दोघांचा समझोता झाला तो थेट जून 2020 मध्ये. एचएमव्हीचा सगळा जुना खजिना सारेगामाकडे आहे हे लक्षात घेतलं, म्हणजे मधल्या काळात मराठी रसिकाला काय काय मिळालं नसेल याचा अंदाज येतो. मार्च 2023 मध्ये झी म्युझिकची गाणी त्याच ॲपवरून काही काळ गायब झाली. इतर ॲपपैकी ‘गाना’ सप्टेंबर 2022 मध्ये फक्त पैसे भरणाऱ्यांपुरतं उरलं, रेसो जानेवारी 2024 अखेर भारतातून बंद झालं, आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक गुंडाळायचं ठरवलं. यात कोणी कायदा मोडला असं मी म्हणत नाही. प्रत्येकाने आपला हिशेब पाहिला. पण त्या हिशेबात आपण वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या कुठेच धरलेल्या नसतात.

हे सगळं मी एक वेळ सहन केलं असतं. माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासाने, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

एका ॲपवर मल्लिकार्जुन मन्सूर यांचा मैफलीतला बिहागडा माझ्या यादीत होता. पडद्यावर नाव एवढंच: ‘राग बिहागडा – लाइव्ह’. चित्र म्हणून नारिंगी आकाश आणि त्यात एक सतार, म्हणजे गायकाचाही फोटो नाही. मैफल कुठली, साल कोणतं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, काही नाही. तेव्हा मला त्याचं विशेष वाटलं नाही, कारण गाणं समोर होतं. मग एक दिवस ती ओळ करडी झाली, म्हणजे गाणं लागेनासं झालं. काही महिन्यांनी त्याच नावाचा, तसल्याच चित्राचा ट्रॅक दुसऱ्या एका अल्बममध्ये दिसला. लावला, तर हे गाणं वेगळंच. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये साथीला सारंगी होती, यात पेटी. माझं कुठे गेलं ते शोधायचं म्हटलं तर शोधायचं कशाच्या आधारावर? दुकानदाराला, जाणकाराला, ॲपच्या मदतकेंद्राला सांगायचं तरी काय? माझ्या हातात त्या गाण्याची एकही खूण नव्हती. ते हरवलं एवढंच सांगता येत होतं, काय हरवलं ते नाही.

तेव्हापासून मी बारकाईने पाहू लागलो, आणि हा प्रकार सगळीकडे दिसू लागला. एकच रेकॉर्डिंग ‘सकाळचे राग’, ‘पावसाळी राग’, ‘ध्यानासाठी राग’ अशा निरनिराळ्या वेष्टनांत येतं. कंपनीच्या दृष्टीने यात खर्च जवळपास नाही, आणि प्रत्येक नवं वेष्टन म्हणजे कुठल्यातरी तयार यादीत शिरण्याची आणखी एक संधी. ॲपचा साचा मुळात गाणं-गायक-अल्बम असा आहे. आपल्या गाण्यात तबलजी बदलला की ख्यालाची चाल बदलते, हे त्या साच्यात बसत नाही आणि माहिती भरणाऱ्यालाही त्याचं सोयरसुतक नसतं. यूट्यूबवर उलटा अनुभव येतो. एखाद्या रसिकाने आपल्या जुन्या कॅसेटवरून चढवलेल्या मैफलीखाली साल, गाव, साथीदार, अगदी तानपुऱ्यावर कोण बसलं होतं इथपर्यंत लिहिलेलं सापडतं. फुकट करणारा माणूस हे करतो आणि पैसे घेणारी व्यवस्था करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता यंत्राने बनवलेल्या संगीताची भर पडली आहे. डीझर या फ्रेंच कंपनीने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज चढणाऱ्या गाण्यांपैकी 18 टक्के पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली असतात. ‘झोपण्यापूर्वीची बासरी’ असं नाव आणि खाली वादकाचा पत्ताच नाही, अशा ट्रॅकमध्ये कोणी माणसाने फुंकर घातली आहे की नाही, हे पुढे कसं ओळखायचं?

दुसरी गोष्ट ख्यालाच्या बांधणीची. संथ लयीतला (विलंबित) बडा ख्याल एका ट्रॅकमध्ये, जलद लयीतला (द्रुत) छोटा ख्याल दुसऱ्यात. सीडीवर मधली खूण कानाला कळत नाही, विलंबित एकतालातून द्रुत तीनतालात गायक जसा उतरतो तसंच ते ऐकू येतं. ॲपवर ‘क्रॉसफेड’, म्हणजे एक ट्रॅक संपता संपता दुसरा सुरू करण्याची सोय, चालू राहिलं असेल तर विलंबिताची शेवटची सम आणि बंदिशीचा मुखडा एकमेकांवर चढतात. शफल चालू असेल तर द्रुत आधी. फुकट सभासदत्व असेल तर त्या दोन्हींच्या मध्ये जाहिरात. आणि सगळं संपल्यावर, तानपुरा अजून कानात असताना, ॲप आपणहून भलतंच काहीतरी सुरू करतं. यातल्या बऱ्याच गोष्टी सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात हे खरं आहे, त्यामुळे हा मुद्दा मी फार ताणत नाही.

पैशाचं काय, असं काहीजण विचारतात: कलाकाराला कशातून जास्त मिळतं? स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक ‘स्ट्रीम’ मोजली जाते. पाऊण तासाचा ख्याल ऐकला तरी एकच, अडीच मिनिटांचं गाणं ऐकलं तरी एकच. शिवाय 2024 पासून ज्या ट्रॅकला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम मिळत नाहीत, त्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनातला वाटाच नाही. लांब गाणाऱ्या, कमी ऐकल्या जाणाऱ्या माणसाला हा हिशेब सरळ मारक आहे. तंत्राने गाण्याची लांबी ठरवावी हे नवीन नाही. अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई बडोदेकर यांना 78 आरपीएमच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करावा लागला. पुढे एलपीने एका बाजूला वीस-बावीस मिनिटं दिली, सीडीने तासाहून अधिक. म्हणजे यंत्राची मर्यादा सुटत गेली, आणि आता यंत्राला मर्यादा नसताना धंद्याचा हिशेब पुन्हा आखूड गाण्याला बक्षीस देतो आहे.

बॅंडकॅम्पसारख्या ठिकाणी कलाकार स्वतः फाइल विकतो आणि डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के कंपनी घेते. पण तिथेही मालक बदलले, 2022 मध्ये एपिक गेम्सने ती घेतली आणि 2023 मध्ये सॉंगट्रेडरला विकली. फरक एवढाच, की तुम्ही उतरवून घेतलेली फाइल त्या उलाढालीत तुमच्याकडेच राहते. आपल्याकडे फ्लिपकार्टचं फ्लाइट हे एमपी3चं दुकान 2012 मध्ये सुरू होऊन 2013 मध्येच बंद पडलं. तिथे विकत घेऊन उतरवून ठेवलेल्या फाइल्स मात्र आजही वाजतात.

विकत घेण्याची बाजू कष्टाची आहे, ते सांगायलाच हवं. दुकानं उरली नाहीत. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झालं. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसने एके काळी मैफलींच्या कॅसेटी घरोघरी पोचवल्या, तसं जाणतं दुकान आता शोधून सापडत नाही. सीडी मिळतात त्या जुन्या बाजारात, चोर बाजारात, ऑनलाइन, किंवा जागा बदलताना कोणी संग्रह मोडतो तेव्हा. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, यूएसबीवर चालणारा वेगळा घ्यावा लागतो. सीडीला ओल लागते, चरे पडतात. प्रत्येक सीडी फ्लॅकमध्ये (आवाजात घट न होणाऱ्या फाइलमध्ये) उतरवायची, नावं भरायची, दोन हार्ड डिस्कवर प्रत ठेवायची, यात संध्याकाळच्या संध्याकाळी जातात. ज्याला हे काम कंटाळवाणं वाटेल त्याने या फंदात पडू नये असं मी मनापासून सुचवीन.

मला मात्र ते काम आवडू लागलं. लंडनच्या नवरस रेकॉर्ड्सची किंवा न्यूयॉर्कच्या इंडिया आर्काइव्ह म्युझिकची सीडी उघडली की आतली पुस्तिका निघते. साथीदारांची नावं, रागाची ओळख, गायकाविषयी चार पानं. ते वाचून मी फाइलच्या माहितीत ‘गायक, राग, ताल, साथ, स्थळ, साल’ असं भरतो. पिकार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर यासाठी पुरतं. आता मला एखाद्या तबलजीच्या नावाने शोधता येतं, आणि त्याने कोणाकोणाला साथ केली हे एका ओळीखाली एक दिसतं. असा शोध मला वापरलेल्या एकाही ॲपवर नीट घेता आला नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी विचारत असाल तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवा. सारेगामाचा कारवां, म्हणजे आधीच गाणी भरलेला रेडिओसारखा संच, 2017 पासून मिळतो, मराठी गाण्यांचाही आहे, इंटरनेट लागत नाही आणि त्याला पेनड्राइव्ह जोडता येतो. माझ्या आत्याला मी तिच्या आवडीची नाट्यपदं अशीच पेनड्राइव्हवर घालून दिली आहेत.

तुम्ही नव्याने ऐकायला लागला असाल, अजून कोणता गायक आपला हे ठरायचं असेल, तर निदान पहिलं वर्ष ॲपच घ्या. पण एखादं रेकॉर्डिंग तुम्ही पुन्हा पुन्हा लावता आहात असं लक्षात आलं की ते विकत शोधायला लागा. सीडी मिळाली तर सीडी, नाहीतर फाइल. आणि कपाटातला तो खण तूर्त तरी कोणाला देऊन टाकू नका. सुरुवात करायची तर ज्या मैफलीच्या सीडी आज नव्याने मिळत नाहीत, त्या आधी उतरवा. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगला घाई नाही. आणि वेष्टनावरची नावं, डबी फुटलेली असली तरी, त्याच दिवशी फाइलमध्ये भरा.